शब्दचर्चा: ‘मळी’ म्हणजे नेमकी कुठली?

कृष्णाकाठ, कराड:
ग्रामसभेसाठी एक माहितीपत्रक नीट मराठीत करून द्यायचंय. विषय आहे साखर कारखान्यात जे उरतं त्यापासून गाडीत भरायचा गॅस. मसुद्यात जिकडंतिकडं ‘मळी’ लिहिलंय. पण पेपरात ‘मळीपासून इथेनॉल’ येतं, तिथं मळी म्हणजे पाक. आमचे वडील म्हणतात, मळी म्हणजे ट्रॉलीनं आणून रानात विस्कटायचं खत. आणि ‘नदीत मळीमिश्रित पाणी, मासे मेले’ ही बातमी तर आपल्याला पाठच आहे. पाक, खत आणि सांडपाणी, तिन्ही मळीच? मी कुठली धरू?

फडकरी, वाळवा:
रानातली धरा. ‘दोन ट्रॉल्या मळी टाकली’ म्हटल्यावर वावरात कुणी पाक ओतला असं आमच्याकडं कुणी समजत नाही.

जुना केमिस्ट, सांगली:
ताई, तिन्ही वापर चालू आहेत आणि तिन्हींतून इंधन निघतं, तेही वेगवेगळ्या वाटेनं. म्हणून मोघम लिहून भागणार नाही.

गुऱ्हाळापासून धरा. काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी घालतात, मग वर काळपट फेस धरतो, तो काढून टाकतात. ती मळी, रसातला मळ. कारखान्यात हेच काम चुना आणि गंधकाचा धूर करतात. गाळ खाली बसतो, फिरत्या गाळणीवर निथळतो आणि काळं, मऊ, भुसभुशीत असं जे उरतं ते प्रेसमड. म्हणजे फडकरींचा अर्थ गुऱ्हाळाला धरून आहे. १०० टन उसामागं हे ३ ते ४ टन निघतं. त्यात मेण, बारीक चोथा, थोडी साखर असते. बंद टाकीत हवा न लागू देता कुजवलं की मिथेन तयार होतो. तो शुद्ध करून दाबानं भरला की गाडी चालते. ढोबळमानानं २५ टन प्रेसमडला १ टन गॅस. तुमच्या पत्रकातली मळी बहुतेक हीच.

पेपरातली निराळी. साखरेचे दाणे सेंट्रिफ्यूगलवर, म्हणजे जोरात फिरणाऱ्या यंत्रावर, वेगळे केल्यावर जो पाक काही केल्या दाणा धरत नाही, ते मोलॅसिस. यीस्ट घालून आंबवलं की त्याचं इथेनॉल. हा अर्थ कायद्यानंच पक्का केलाय. ‘मुंबई मळी नियम, १९५५’ आहेत ते मोलॅसिसचे. ज्यातून दारू होते त्याच्यावर सरकारची नजर आधी जाणार, हे ओघानं आलंच.

तिसरी, नदीतली, खरं तर मळी नव्हेच. इथेनॉल काढून झाल्यावर डिस्टिलरीत जे तपकिरी, आंबट पाणी उरतं त्याला स्पेंट वॉश म्हणतात. एका लिटर इथेनॉलमागं साधारण ८ ते १५ लिटर. टाकीत कुजवलं तर यातूनही गॅस मिळतो आणि तो बॉयलरला जाळता येतो. नदीत सोडलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, मासे त्यानंच गुदमरतात. बातमीत ‘मळी’ लिहिलं की कारखान्याची चूक डिस्टिलरीची की गाळणीची, हेच कळत नाही. माझा खरा राग त्याच्यावर आहे.

कृष्णाकाठ, कराड:
काका, मग ‘प्रेसमड, म्हणजे रानात टाकतात ती मळी’ असं पहिल्यांदा लिहिते आणि पुढं नुसतं प्रेसमड. वडिलांचा पुढचा प्रश्न मात्र शब्दाचा नाही. गॅसला गेली तर रानाला काय?

जुना केमिस्ट, सांगली:
वडिलांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. गॅस होऊन जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश बहुतांशी मागच्या गाळात राहतं आणि त्याचं खत होतं. ते सभासदाला परत मिळणार का, कुठल्या भावानं, हे पत्रकात छापायला लावा.

इंग्रजीच्या बाई, मिरज:
आणखी एक. या गॅसच्या २०१८ च्या केंद्र सरकारी योजनेचं नाव इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ‘सतत’ ठेवलंय. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर ‘सरकार सतत राबवत आहे’ असं छापून जाईल आणि लोक विचारतील, काय राबवतंय?
बरं, कारखान्यात रस काढून उरलेल्या चोथ्याला बगॅस म्हणतात, त्याला सरळ चिपाड का म्हणत नाहीत?

फडकरी, वाळवा:
बाई, चिपाड वेगळं दिसतं. गुऱ्हाळावर चरकातून निघतं ते लांब, चपटं. उन्हात वाळवायचं आणि मग चुलाणात घालायचं. कारखान्याचा बगॅस म्हणजे बारीक भुगा, निम्मं पाणीच असतं त्यात, आणि तसाच बॉयलरला जातो. त्याच्यावर वीज करतात त्याला छापील मराठीत सहवीजनिर्मिती म्हणतात. गेटवर विचारा, ‘को-जन’च ऐकू येईल.

कृष्णाकाठ, कराड:
शेवटच्या पानावर पाचट दाबून केलेल्या कांड्या आहेत. त्यांना ‘पांढरा कोळसा’ लिहिलंय. रंग तर तपकिरी!

इंग्रजीच्या बाई, मिरज:
विकणारे तसंच म्हणतात. पण भूगोलात पांढरा कोळसा म्हणजे जलविद्युत. कोयनेच्या जिल्ह्यात हे पत्रक वाटणार असाल तर ‘पाचटाच्या कांड्या’च ठेवा.