मदत हवी आहे : झेड स्प्रिंगची प्लेट जागेवर राहत नाही

मंडळी, पेशंट आठ वर्षांचा मुलगा. वरचा डावा मधला पटाशीचा दात खालच्या दाताच्या मागे अडकलाय. तोंड मिटताना आधी हेच दोन दात टेकतात, मग जबडा पुढे सरकतो. खालच्या त्या दाताची हिरडी उतरू लागली आहे, म्हणून सगळे पक्के दात येईपर्यंत थांबणं मला पटत नाही.

वरच्या ॲक्रिलिक प्लेटवर (काढता-घालता येणारी) ०.५ मिमी तारेची दुहेरी झेड स्प्रिंग (दाताला मागून पुढे ढकलणारी Z आकाराची तार), पक्क्या पहिल्या दाढांवर ०.७ मिमीचे ॲडम्स क्लास्प (प्लेट धरून ठेवणारे तारेचे आकडे) आणि मागे बाइट प्लेन (दाढांवरचा ॲक्रिलिकचा थर), पुढचे दात जेमतेम सुटतील एवढ्याच उंचीचं. दर तीन आठवड्यांनी स्प्रिंग १ ते २ मिमी उघडायची, प्लेट जेवतानाही तोंडात. अडचण अशी की स्प्रिंग दाताच्या उतारावर टेकते आणि प्लेटच पुढून खाली ढकलते. दाढा अर्ध्याच वर आल्यात, क्लास्पना खाली धरायला खाच मिळत नाही. मुलगा जिभेने प्लेट खेळवतो, ते वेगळंच!

दुधाच्या पहिल्या दाढांवर जादा क्लास्प द्यावेत का? की सरळ टू बाय फोर ब्रेसेस (दोन दाढा आणि पुढचे चार दात यांवर चिकटवलेल्या)? त्यात बाजूच्या पटाशीच्या दातांवर ब्रॅकेट (तार धरणारा, दाताला चिकटवलेला तुकडा) लावायला धाकधूक वाटते, कारण न उगवलेले सुळे त्यांच्या मुळांना खेटून असतात. मूळ चुकीच्या बाजूला कललं तर झिजेल. फक्त मधल्या दोघांवर ब्रॅकेट लावून कोणी केलंय का? तार कोणती वापरलीत?