मदत हवी आहे: पारसिकच्या डोंगरातला कललेला थर ओळखायचा कसा?

ऐरोलीत नववीच्या मुलांना भूगोल शिकवते. भूपट्ट सरकतात म्हणजे काय, हे त्यांना इथल्याच दगडात दाखवायचं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, पुढे सेशेल्सचा (आता हिंदी महासागरातली बेटं) भूभाग भारतापासून तुटून दूर गेला आणि मुंब्रा-पनवेल पट्ट्यातले थर पश्चिमेला, समुद्राकडे कलले. माथेरानचे थर मात्र जवळजवळ आडवेच. केवढी मोठी गोष्ट, आणि मुलांच्या अगदी दारात!

रविवारी मुंब्र्याच्या बाजूने पारसिकला जाऊन आले. मोबाइलवरच्या कोनमापकाने एका जागी 15 अंश आले, दहा पावलांवर 70. दुसऱ्यांदा बहुधा थर नाही, भेगच मोजली. दोन थरांमधली लाल माती, म्हणजे थराची हद्द दाखवणारा पट्टा, गवतात दिसलीच नाही. पांढऱ्या खड्यांनी भरलेला भोकाभोकांचा दगड तेवढा सापडला.

मुलं 25, जायचं लोकलने, हाताशी सकाळचे तीन तास. खाणीत किंवा रुळांजवळ नेणार नाही.

मुंब्रा ते पनवेल दरम्यान रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात तो लाल पट्टा लांबूनही स्पष्ट दिसेल अशी जागा कुठे आहे? आणि कल त्या पट्ट्यावरच मोजायचा ना?