मदत हवी आहे: वाळक्या काडीवरची काळी वाटी-बुरशी

ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. गणपतीच्या आधी सोसायटीच्या कुंपणाची छाटणी झाली. त्या ढिगातल्या एका वाळक्या काडीवर काळे ठिपके दिसले, म्हणून घरी आणली. (येऊरच्या जंगलातली नाही बरं का, तिथून काडीही उचलायची नसते.)

घरी येईपर्यंत ठिपके मिटले. दोन-तीन मिलिमीटरचे, लांबट, कडांवर आडव्या चिरा, करंजीला मुरड घालावी तशा. पाण्यात बुडवून ठेवले, तर चहा होईस्तोवर उघडलेसुद्धा! आत विटकरी चकती, बाहेरून कोळसा.

माझी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी बघण्यात गेली. मायक्रोस्कोप घरात आहे, बुरशीतलं मात्र काही कळत नाही. अर्ध्या ब्लेडने पातळ काप घेतला, साध्या पाण्यात ठेवला, कव्हरस्लिप पेन्सिलच्या रबराने हलकेच दाबली. लांब नळ्या दिसल्या, प्रत्येकीत आठ बीजाणू, शेंगेतल्या दाण्यांसारखे एका रांगेत. पिकलेले तपकिरी, तीन आडवे पडदे, म्हणजे चार खण. कोवळे रंगहीन. दहा मोजले: लांबी २३ ते २९ मायक्रॉन, रुंदी ९ ते १२.

आता अडलंय ते असं. नळीच्या टोकाला झाकण आहे का आणि आयोडीनने टोक निळं होतं का, हे बुरशी ओळखायला बघायचं असतं म्हणे. तीन संध्याकाळी झाकण शोधलं, नाही सापडलं. शौच तपासणीला वापरतो तेच ल्युगॉल आयोडीन घातलं, सगळं नुसतं पिवळट. बाटली जुनी झाली असेल का? फोटोंवरून मला पाटेलारिया ॲट्राटा वाटतेय.

प्रतिसाद:
ताई, आधी भाताच्या शितावर एक थेंब टाका. काळंनिळं झालं तर बाटलीला दोष नाही.
पाटेलारिया नाही. तिचे बीजाणू रंगहीन, एका टोकाला जाड, आणि पडदे तीनपेक्षा बरेच जास्त. तपकिरी रंग, तीन पडदे आणि तुमची ती करंजीची मुरड, हे ऱ्हायटिडहिस्टेरॉन रुफुलम दिसतंय. उष्ण प्रदेशात वाळक्या फांद्यांवर नेहमी सापडतं.
झाकण शोधण्यात डोळे फोडू नका, ते यात नसतंच. नळीची भिंत दोन थरांची असते. बाहेरचा थर टोकाशी फाटतो आणि आतला ताणून वर येतो. सुकलेल्या मालात ते दिसत नाही. काडी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा आणि सकाळी साध्या पाण्यात बघा. आयोडीन सगळ्यात शेवटी.

धागाकर्ती:
शीत काळंनिळं झालं, म्हणजे बाटली सुटली! आज सकाळी ताणलेली नळी दिसली. एकच, पण दिसली. मात्र त्याच काडीच्या खालच्या टोकाला चार ठिपके असे आहेत की उघडल्यावर चकतीही काळीच. ते हेच धरायचे, की त्यांचेही बीजाणू वेगळे मोजू?