७०१ टू-स्ट्रोक जेट-स्कीचं इंजिन नवीन बांधलं, हेड घासलं. रनिंग-इन आणि ट्यूनिंग कसं करू?

देवबागचो_झील

नमस्कार मंडळी. आमची देवबागला एक जुनी वेव्हरनर आहे. यामाहाचं ७०१ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, टू-स्ट्रोक. बाबांनी घेतलेली. आता पर्यटकांना देत नाही, पण ती विकायची नाही, असं घरात सगळ्यांचं ठरलंय.

मे महिन्यात कर्ली खाडीच्या मुखाजवळ पुढच्या सिलिंडरने पकडलं. आवाज बारीक झाला आणि एकदम जाम. ओढून आणली. पावसाळ्यात काम नसतंच, म्हणून पडवीत इंजिन उतरवलं. पुढच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, रिंग खाचेतच चिकटलेली. मागचा पिस्टन अगदी स्वच्छ.

काय काय केलं ते लिहितो. दोन्ही सिलिंडर रिबोअर करून ८१.५ मिमीचे फोर्ज्ड पिस्टन टाकले. क्रँकची दोन्ही टोकांची सील नवी. ऑईल पंप काढून त्याचं भोक बंद केलं, म्हणजे आता प्रीमिक्स, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. टर्नरकडे हेडचं फेसिंग केलं आणि स्क्विश (पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या कडेमधे उरणारी फट) सोल्डरच्या तारेने मोजला, १.२ मिमी आला. कॉम्प्रेशन आधी १४५ होतं, आता दोन्हीकडे १८५ पीएसआय येतंय. प्लग एनजीके बीआर८एचएस.

माझे प्रश्न. पहिल्या टाकीला ऑईल किती? जमिनीवर नळीचं पाणी देऊन किती वेळ चालवू? पंपावरचं साधं पेट्रोल १८५ ला चालेल का? परदेशी लोक ९१ ऑक्टेनला १८० पर्यंत ठीक म्हणतात. आणि कार्ब्युरेटर कुठून सुरू करू? परत पकडलं तर पिस्टनचा खर्च या सीझनला झेपणार नाही. गणपतीनंतर पाण्यात उतरवायची आहे.

आरएक्स_प्रेमी_चिपळूण

मित्रा, मी तीन आरएक्स १०० बांधल्यात. माझा अनुभव सांगतो. पहिल्या दोन-तीन टाक्या अगदी हळू चालव, अर्ध्यापेक्षा जास्त रेस द्यायचीच नाही. ऑईल दुप्पट टाक. काही होत नाही.

मिरकरवाडा_मिस्त्री

चिपळूणकर भाऊ, आरएक्सला तुमचं म्हणणं चालून जातं, कारण तिला गिअर आहेत आणि चढावर इंजिनवर भार येतोच. जेट-स्कीचं तसं नाही. पंपाला लागणारी ताकद आरपीएमच्या घनात वाढते. आरपीएम अर्धं केलं की भार आठवा हिस्साच उरतो. रिंग भिंतीवर दाबली जाते ती तिच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. सगळी टाकी हळूहळू फिरवण्यात घालवली तर दाब तयारच होत नाही, होनिंगच्या (सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या) रेघा गुळगुळीत होतात आणि रिंगा बसायच्या राहून जातात.

आता झीला, तुझ्याकडे वळतो. मी बावीस वर्षं आउटबोर्ड आणि जेट-स्कीची इंजिनं उघडतोय. सांगतंय तां आयक: पेट्रोल, ऑईल, कार्ब्युरेटरचं जेट हे सगळं नंतर. तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाही. तू प्रेशर टेस्ट केलीस का?

एकच सिलिंडर पकडलं आणि दुसरं स्वच्छ राहिलं, तर पंपातून सगळंच ऑईल कमी पडलं असं म्हणता येत नाही. पेट्रोल एकाच टाकीतून, ऑईल एकाच पंपातून. मग दोघांत फरक कुठे होता? एकतर पुढचा कार्ब्युरेटर चोंदलेला, नाहीतर पुढच्या बाजूने हवा ओढली जात होती, नाहीतर त्या सिलिंडरला थंड पाणी कमी मिळत होतं. तू सील बदललीस, चांगलं केलंस. पण हवा तिथूनच येत होती हे तुला कुठे दिसलं? टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच पंपाचं काम करतो. बारीक फट असली तरी तेवढी फुकटची हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑईलही त्या प्रमाणात कमी पडतं. वर तू कॉम्प्रेशन वाढवलंयस. आधी जी चूक इंजिन महिनाभर सोसायचं, ती आता दहा मिनिटंही सोसणार नाही.

एक्झॉस्ट आणि इनटेकला रबर लावून पत्र्याने बंद कर. सायकलच्या पंपाने सात-आठ पीएसआय हवा भर, त्याहून जास्त नको, सील उलटतील. मग सगळीकडे शाम्पूचं पाणी लाव. फ्लायव्हीलच्या मागे, केसचा जोड, बेसचं पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्ड, पल्सची नळी (क्रँककेसचा दाब फ्युएल पंपाला देणारी). पाच मिनिटं काटा हलायला नको. हे केल्याशिवाय चावी फिरवू नको.

ते जमलं की पुढचं.

पहिल्या टाकीला २५:१, म्हणजे १० लिटरला ४०० मिली. नंतर ५०:१ ला ये, १० लिटरला २०० मिली. ऑईल टीसीडब्ल्यू-३ दर्जाचं मरीन घे, स्कूटरचं नको. आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: ऑईल वाढवलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं, मिश्रण किंचित लीनच होतं. म्हणून त्या टाकीला कार्ब्युरेटरचा हाय-स्पीड स्क्रू आत्ताच्या सेटिंगपेक्षा अर्धा फेरा बाहेर काढ, म्हणजे मोठ्या रेसला पेट्रोल वाढेल.

नळीवर आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. हा क्रम चुकला तर पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि रॉड वाकतो. दोन-तीन मिनिटं चालव, हेड हाताला कोमट लागलं की थांब. पूर्ण गार होऊ दे. असं तीनदा. मग गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा टॉर्कने आवळ. फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये फट जास्त ठेवतात. गार असताना तो थोडा वाजेल, घाबरू नको. पण गार इंजिनाला एकदम रेस दिलीस तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि चार कोपऱ्यांवर पकडतं.

पाण्यात उतरलास की मुखाकडे जाऊ नको. तिथे लाटेवरून उडताना पंपात हवा शिरते आणि इंजिन भाराशिवाय किंचाळतं. भरतीला खाडीत आत जा, कांदळवनाच्या बाजूला सपाट पाणी असतं. पाच मिनिटं गरम कर, मग अर्ध्या ते पाऊण थ्रॉटलवर सतत वरखाली. दर थोड्या वेळाने दोन-तीन सेकंद पूर्ण उघड आणि सोड. एका रेसवर धरून बसू नको. ओहोटीला उथळ वाळूत नेऊ नको, कूलिंगचं पाणी पंपातूनच येतं, त्याबरोबर वाळू वर चढते.

आता ऑक्टेन. तिकडचा ९१ आणि आपला ९१ एक नाही. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे नुसता रॉन. त्यांचा ९१ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९५-९६. ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा रॉन ९५ धरला आहे, म्हणजे आकडा जवळ येतो. पण इथेनॉल आलं की त्याच जेटवर इंजिन लीन चालतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्या दमट हवेत टाकीत महिनाभर ठेवलेलं पेट्रोल या इंजिनात घालू नको. कार्ब्युरेटरचे डायाफ्रामही जुने असतील तर बदल, इथेनॉलने ते कडक होतात. १८५ ला मी स्वतः प्रीमियम पेट्रोल घालीन आणि टायमिंगला हात लावणार नाही.

अलिबाग_वॉटर

मिस्त्रीकाका, प्लग चॉप, म्हणजे पूर्ण रेसवर इंजिन बंद करून प्लगचा रंग बघणं, कधी करायचा? आणि डिटोनेशन (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं) ओळखायचं कसं? पाण्यावर आवाजात कळत नाही.

मिरकरवाडा_मिस्त्री

पहिली टाकी संपून ५०:१ वर आल्यावरच. नवीन प्लग लाव, गरम इंजिनावर पूर्ण थ्रॉटल आठ-दहा सेकंद, आणि थ्रॉटल तसाच धरून मनगटाची दोरी ओढून बंद कर. हळू किनाऱ्यावर येऊन प्लग बघितलास तर तो आयडलचा रंग असतो, त्याचा उपयोग नाही. चिनीमातीच्या अगदी बुडाशी बघ. डिटोनेशन असेल तर पांढऱ्या भागावर बारीक काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसतात. कण दिसले तर त्या दिवशी पुन्हा सुरू करू नको. टॉर्च धरून प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथाही बघ. पोर्टच्या बाजूंना धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा हवा. माथा कडेपर्यंत कोरडा झाला असेल तर लीन आहे.

देवबागचो_झील

काका, तीन आठवड्यांनी लिहितोय.

प्रेशर टेस्ट केली. आठ पीएसआय भरलं, मिनिटभरात काटा पाचवर. फ्लायव्हीलच्या मागे काहीच नाही, सील कोरडी. शाम्पूचं पाणी इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला लावलं तर पुढच्या सिलिंडरच्या बाजूला बारीक फेस, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. मॅनिफोल्ड काढून त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्च लावला. पुढच्या दोन बोल्टांच्या मधे उजेडाची रेघ. मॅनिफोल्डच वाकलेला. म्हणजे मे महिन्यातही हवा तिथूनच जात असणार, आणि मी सील बदलून निर्धास्त झालो होतो.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन संध्याकाळ घासला. नवं पॅकिंग. पुन्हा आठ पीएसआय, दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही. आईला बोलावून दाखवला.

नळीवर तीन वेळा गरम-गार केलं, नट आवळले, दोन नट पाव फेरा फिरले. खाडीत पहिली टाकी संपली. कॉम्प्रेशन आता १९० आणि १८८. काल प्लग चॉप केला: मागचा बदामी, पुढचा त्याहून थोडा फिका, कण नाहीत. पुढच्या कार्ब्युरेटरचा हाय-स्पीड स्क्रू पाव फेरा बाहेर काढलाय. उद्या भरतीला नवा प्लग लावून पुन्हा बघतो आणि फोटो टाकतो.