मदत हवी आहे: वय 39, मांडी तिसऱ्यांदा गेली, फूटीच्या फायनल्स तोंडावर. कोचला काय सांगू?

पेठेतला_गोली

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून गोलकीपर होतो. 2012 पासून मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. इथं फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, ‘फूटी’, ऑस्ट्रेलियन रूल्स. पहिल्याच हिवाळ्यात शेजारी मला ओढत क्लबवर घेऊन गेला. उंच आलेला चेंडू दोन्ही हातांत पकडता येतो, एवढ्या भांडवलावर मला फुल बॅकला उभा केला आणि मी तिथंच रुजलो. चार वर्षं सीनियर संघात काढली, आता रिझर्व्हमध्ये, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या संघात आहे. संघात माझ्या खालोखाल वयाचा जो आहे तो 31 चा.

जुलैमध्ये पळता पळता जमिनीवरचा चेंडू उचलायला वाकलो आणि उजव्या मांडीच्या मागे टक् झालं. आवाज ओळखीचा होता. याच पायाची ही तिसरी वेळ. आता साडेपाच आठवडे झाले. चालताना काही नाही, जिन्यावर काही नाही, हलकं जॉगिंगही जमतं. पूर्ण वेग घेतला की मात्र आतून कुणीतरी दोरी धरून ठेवल्यासारखं होतं. दुखत नाही, पण पाय मोकळा सुटत नाही.

पुढच्या शनिवारी सेमी फायनल आहे. फायनल्स म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या. त्यांसाठी लागतात तेवढे सामने माझे भरलेले आहेत. म्हणजे कागदावर मी आहे.

आता खरी अडचण. आमच्या चेंजिंग रूममध्ये एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर हिरव्या मार्करनं अंडाकृती मैदान काढलंय आणि प्रत्येकाच्या नावाचं एक चुंबक आहे. 18 मैदानावर, बदली खेळाडू खाली एका ओळीत, जखमी उजवीकडे ‘हॉस्पिटल’ लिहिलेल्या चौकटीत. गेल्या गुरुवारी सरावानंतर बघितलं तर माझं चुंबक यातल्या कुठल्याच जागी नव्हतं. बोर्डच्या खालच्या पट्टीवर, जिथं मार्कर ठेवतात, तिथं आडवं पडलेलं. कुणी काढून ठेवलं, का आपोआप पडलं, देव जाणे. मी उचललं, क्षणभर हातात धरलं आणि परत तिथंच ठेवलं. कुठं लावणार?

माझ्या जागी सध्या 19 वर्षांचा पोरगा खेळतोय. पळायला वारा, पण उंच चेंडूखाली गडबडतो. कोच मला काहीच बोलत नाही. “हाऊ’ज द हॅमी, मेट?” (हॅमी म्हणजे हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू) एवढं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्याकडं वळतो. मधल्या तीन सामन्यांत त्यानं मला रनरचा भडक रंगाचा शर्ट घालायला दिला. रनर म्हणजे कोचचा निरोप मैदानात जाऊन खेळाडूंना सांगणारा माणूस. हा मान आहे की निरोपाचा नारळ, हेच कळेना.

मी लॅव्हर्टनच्या एका वेअरहाऊसमध्ये कॅज्युअल आहे. कामावर गेलो नाही तर पगार नाही. बायको म्हणते, “पायानं पोट भरतं, त्याच पायाची पैज लावू नका.” तिचं चूक नाही.

तर प्रश्न असा, की गुरुवारी संघ निवडायच्या आधी दोरीचं खरं सांगून टाकू, का गप्प बसून फिटनेस टेस्ट देऊ आणि ठरवायचं ते कोचला ठरवू दे? पुढच्या सीझनला मी असेन असं वाटत नाही. जाणकारांनी आणि खेळलेल्यांनी प्लीज लिहा.

बाकावरचा_बंडू

आधी एक अज्ञानी प्रश्न. हा चेंडू अंड्यासारखा असतो तोच खेळ ना? मग फुल बॅक नक्की करतो काय? बाकी आपल्याकडं क्रिकेटमध्ये बरं असतं, पाय गेला तरी स्लिपमध्ये उभं राहता येतं.

पेठेतला_गोली

@बंडू, तोच. हिवाळ्यात क्रिकेटच्याच मैदानांवर खेळतात. चार खांब असतात, मधल्या दोहोंतून लाथेनं मारला की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला की 1. ऑफसाइड नाही. फुल बॅक शेवटच्या टोकाला, समोरच्यांच्या सगळ्यात दांडग्या फॉरवर्डच्या पाठीला चिकटून. त्याला चेंडू हवेत पकडू द्यायचा नाही, बास. आणि यात स्लिप नाही रे बाबा. सगळी स्लिपच आहे.

हाडं_जोडणारी

फिजिओ आहे, पण पाय न बघता निदान करणार नाही. तुमच्या क्लबच्या फिजिओचं ऐका. तरी दोन गोष्टी सांगते.

हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याच्या कारणांत आधीची दुखापत आणि वाढतं वय ही दोन सगळ्यात वर आहेत. तुमच्याकडं दोन्ही आहेत. आणि तीच जागा पुन्हा फाटली तर बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त दिवस बसावं लागतं.

दुसरं म्हणजे ही फिटनेस टेस्ट. ताज्या पायावर, वॉर्म-अप करून सरळ रेषेत चार धावा सगळेच काढतात. त्यात पास झालात म्हणजे काहीच कळलं नाही. पाऊण तास सराव करून दमल्यावर पूर्ण वेगात पळा, त्याच वेगात वाकून जमिनीवरचा चेंडू उचला, आणि उजव्या पायानं लांब किक मारा. हॅमस्ट्रिंग ताणली जात असतानाच तिला सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो, म्हणून किक आणि वाकणं महत्त्वाचं. तेव्हा दुखतं का एवढंच बघू नका. पाऊल आखूड पडतंय का, हे कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा किंवा मोबाइलवर शूट करा. ‘पाय मोकळा सुटत नाही’ असं तुम्ही स्वतः लिहिलंय. माझ्या दृष्टीनं तुमची टेस्ट झालेली आहे.

तिसरी_घंटा

मी उलट बाजूनं बोलतो. 2003 ची ग्रँड फायनल, म्हणजे व्यावसायिक फूटीचा विजेता ठरवणारा शेवटचा सामना, आठवते का कुणाला? ब्रिस्बेनचा नायजेल लॅपिन मोडलेल्या बरगड्या घेऊन कॉलिंगवूडविरुद्ध उतरला. ब्रिस्बेन सलग तिसऱ्यांदा विजेते झाले आणि लॅपिनचं नाव अजून काढतात. 39 व्या वर्षी पुन्हा सेमी फायनल मिळणार आहे का? घ्या बँडेज आणि उतरा. नाद करायचा तर पुरता.

सनशाईनची_मावशी

@तिसरी_घंटा, लॅपिनच्या फुप्फुसाला छिद्र पडलं होतं, तेही सांगा की. आणि तो पगारी खेळाडू, मागं डॉक्टरांची फलटण. यांच्या मागं कोण? मीच आहे, कॅन्टीनमध्ये सॉसेज भाजणारी. माझी दोन्ही पोरं अशाच एका क्लबात खेळतात, म्हणून अधिकारानं बोलते.

गोलीदादा, पैशाचं आधी ऐका. क्लबचा विमा आहे म्हणून निवांत राहू नका. मेडिकेअरच्या (इथल्या सरकारी आरोग्य योजनेच्या) यादीत जे उपचार येतात त्यांचा वरचा गॅप, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम, हा विमा भरून देऊ शकत नाही, इथल्या कायद्यानंच मनाई आहे. फिजिओसारख्या यादीबाहेरच्या खर्चाचा काही हिस्सा मिळतो, तोही मर्यादेपर्यंत. बुडालेल्या पगाराचं कव्हर बहुतेक ठिकाणी वेगळं घ्यावं लागतं. क्लबच्या सेक्रेटरीला आजच विचारा, आपल्याकडं ते आहे का, आणि कॅज्युअलला लागू होतं का. क्लेमच्या फॉर्मवर ही दुखापत आधी झाली होती का, असा रकाना असला तर काय लिहाल? माझ्या थोरल्याचा खांदा गेला तेव्हा त्या एका रकान्यावर आमचे दोन महिने गेले.

आणि रनरच्या शर्टाबद्दल. आमच्याकडं तो कुणालाही देत नाहीत. ज्याचं मैदानातली पोरं ऐकतात त्यालाच देतात.

फुट्सक्रेचा_भाऊ

उशिरा लिहितोय, पण राहवलं नाही. मी वेस्टर्न बुलडॉग्स या व्यावसायिक संघाचा चाहता. 2016 चं सांगतो, कारण तुमचा प्रश्न ऐकून मला बॉब मर्फीच आठवला.

मर्फी आमचा कॅप्टन, वय 33. एप्रिलमध्ये, सीझनच्या तिसऱ्याच फेरीत, हॉथॉर्नविरुद्ध सामन्याच्या अगदी शेवटी त्याचा गुडघा गेला. लिगामेंट तुटलं म्हणजे वर्ष गेलं. सामनाही आम्ही 3 गुणांनी घालवला. मी स्टेडियममध्ये होतो. पराभवाचं कुणी बोलतच नव्हतं, लोक अंत्ययात्रेसारखे स्टेशनकडं चालले होते. त्याच्या आधी 2008, 2009, 2010 अशी ओळीनं तीन वर्षं आम्ही ग्रँड फायनलच्या उंबऱ्यावर हरलो होतो, आणि तिन्ही वेळा हा गडी संघात होता.

आणि नेमकं त्याच वर्षी नशीब फिरलं. सातव्या नंबरावरून फायनल्समध्ये घुसलो आणि चार सामने मारले. 1 ऑक्टोबरला ग्रँड फायनलमध्ये एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर) सिडनीला 89–67 हरवलं. 1954 नंतर पहिल्यांदा विजेते. मैदानात 99,981 माणसं, त्यातला मी एक, घसा बसलेला. खेळाडूंना पदकं देऊन झाली, कोच ल्यूक बेव्हरिजला त्याचं पदक मिळालं, आणि त्यानं मर्फीला वर बोलावून ते त्याच्या गळ्यात घातलं. माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता, माझ्या ओळखीचा ना पाळखीचा. त्यानं माझा दंड धरला तो सोडेचना.

पण लोक ही गोष्ट इथंच संपवतात, म्हणून पुढचं सांगतो. मर्फीनं ते पदक ठेवून घेतलं नाही, परत केलं. पुढचं वर्ष खेळला आणि 312 सामन्यांवर थांबला. ग्रँड फायनल खेळायचं राहिलंच. म्हणजे संघानं त्याला आपला मानला, तरी आपण त्या दिवशी खेळलो नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी खरं. तुम्ही रनर झालात तर सल राहणारच. राहणार नाही असं मी खोटं सांगणार नाही.

एक मात्र नक्की. कोच विचारत नाही म्हणजे त्याला ठाऊक नाही असं समजू नका. 13 वर्षं असलेल्या माणसाला ‘तू नाहीस’ म्हणायची त्याची छाती होत नसेल.

हाडं_जोडणारी

+1. आणि खेळलाच नाहीत तरी व्यायाम सोडू नका. लोक सामना हुकला की फिजिओही सोडतात आणि चौथ्यांदा भेटायला येतात.

पेठेतला_गोली

सगळ्यांचे आभार. गुरुवार झाला, म्हणून सांगायला आलो.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे सरावाच्या शेवटी, दमल्यावर पळालो. बायकोला बाउंड्रीवर उभं केलं होतं मोबाइल घेऊन. पहिल्या दोन धावा बऱ्या झाल्या. तिसऱ्यात वाकून चेंडू उचलला, आणि उचलला पण! मनात म्हटलं, जमलं की. मग व्हिडिओ बघितला. उजवं पाऊल डाव्यापेक्षा चांगलं वीतभर मागं पडतंय. बायको काही बोलली नाही, नुसता व्हिडिओ पुन्हा लावला.

सेक्रेटरीलाही गाठलं. पगाराचं कव्हर आमच्या क्लबानं घेतलेलं नाही. मावशी, तुमचे पाय धरायला हवेत.

कोचला पार्किंगमध्ये धरला. म्हटलं, मी शनिवारी नाही, पाय सुटत नाही. तो गाडीच्या टपावर हात ठेवून जरा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, की दोन आठवडे तो याचीच वाट बघत होता, पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. मला रागही आला आणि हलकंही वाटलं. भाऊ, छातीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. चुंबकाचं मात्र विचारायचं राहून गेलं.

आत जाऊन मीच ते पट्टीवरून उचललं आणि ‘हॉस्पिटल’मध्ये लावलं. तेवढ्यात तो 19 वर्षांचा पोरगा मागं येऊन उभा. उंच चेंडू आला की फॉरवर्ड आधी खांद्यानं ढकलतो, तेव्हा पाय कुठं ठेवायचा, म्हणून विचारत होता. रिकाम्या खोलीत वीसेक मिनिटं त्याला ढकलत होतो. एका पायावर ढकलायला अजून जमतं.

शनिवारी पावसाचा अंदाज आहे आणि रनरचा तो शर्ट अर्ध्या बाह्यांचा आहे. आतून थर्मल घातलं तर पंच काही म्हणतात का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.