फाल्गुनरावाला हसायचं की नाही?

पेटीमास्तर: ‘देवलांचं संशयकल्लोळ नाटक आता बंद करा, बायकोवर पाळत ठेवणाऱ्या फाल्गुनरावाला हसायचं कसलं?’ ही पोस्ट काल वाचली आणि डोकंच फिरलं. अहो, हसं होतं ते फाल्गुनरावाचंच ना? आणि त्याची बायको कृत्तिका काय गप्प बसते? भोवळ आलेल्या रेवतीला नवरा सावरतोय हे बघून तीही तितकीच पेटते. शिवाय अश्विनशेठ याच रेवतीशी, कलावंतिणीच्या घरातल्या मुलीशी, लग्न ठरवतो, तेही १९१६ सालच्या रंगभूमीवर. देवलांना मागासलेले कसं म्हणता?

लालबागची: पोस्ट माझीच. तितकीच पेटते, कबूल. पण फाल्गुनराव तिला घराबाहेर काढू शकतो. ती कुठे जाणार? माझ्या आत्याचे यजमान मिलमध्ये पाळीला जाताना उंबऱ्याच्या आत पीठ भुरभुरून जायचे. आले की कंदील खाली धरून पावलं बघायचे. शेजारीण हंडा उंबऱ्यावरूनच आत द्यायची. साहित्य संघाच्या नाट्यगृहात प्रयोगाला सगळे हसत होते, मला ते पीठ दिसत होतं.

ठाणेकर: मुळात हे १८९३ साली गद्य होतं, ‘तसबिरीचा घोटाळा’. संगीत झालं ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीसाठी. आणि आता पदं एकेका कडव्यावर आणलीत! तिकीट पूर्ण, गाणं अर्धं. याबद्दल कोणी का बोलत नाही?

पेटीमास्तर: अगदी बरोबर! गेल्या प्रयोगात आलाप सुरू व्हायच्या आत गायक थांबला. साथीला बसलो होतो, हात पेटीवर तसेच राहिले.

डोंबिवली फास्ट: दहा वन्समोर घेतलेत तर शेवटची गाडी कोण थांबवणार? सकाळी सहाला डबा भरायचा असतो.

ठाणेकर: मग संगीत नाटकाला येऊ नका.

डोंबिवली फास्ट: नाट्यगृहं ओस पडली ती तुमच्यासारख्यांमुळेच.

लालबागची: आत्याच्या घरातलं सांगितलं आणि तुम्ही तानांवर भांडताय? एकाने तरी उत्तर दिलंत?

पेटीमास्तर: चुकलं. पण नाटक बंद केल्याने आत्यांचं काय बदललं असतं?

लालबागची: काही नाही. ‘बंद करा’ मागे घेते, नाइलाजाने. पण फाल्गुनराव झालेला नट संशय घेताना पुढच्या रांगेतल्या पुरुषांकडे बघून डोळा मारतो, ते संहितेत नाही. ते काढा. आणि फाल्गुनराव कृत्तिकेवर तुटून पडतो, तेव्हा तबल्याची थाप नको. तिचा चेहरा दिसू दे.

पेटीमास्तर: डोळा मारणं मलाही खटकतं. तबलजीशी बोलतो. पद मात्र एकही कापू देणार नाही.