भावाच्या हातातल्या प्लेटा काढाव्यात की राहू द्याव्यात?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. 2023 च्या वासी उत्तरायणाला, म्हणजे इथल्या पतंगांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, धाकट्या भावाच्या उजव्या हाताची कोपर ते मनगटामधली दोन्ही हाडं मोडली. (गच्चीवरून नाही हो, जिन्यावरून. पतंग लुटायची घाई, वय वर्षं 31!) आजीचा धोशा होता की आधी हाडवैदाकडे न्या. पण हात मधेच वाकडा झालेला दिसत होता, म्हणून थेट हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशन झालं. रेडियसवर (अंगठ्याच्या बाजूचं हाड) एक आणि अल्नावर (करंगळीच्या बाजूचं) एक अशा दोन प्लेटा, प्रत्येकीला सहा स्क्रू.

शेजारच्या मुलाचं असंच फ्रॅक्चर नुसत्या प्लास्टरवर भागलं होतं, तेव्हा याला प्लेटा कशाला, असं आम्ही विचारलं होतं. मुलांचं हाड वाढता वाढता बरंचसं सरळ होतं, मोठ्यांचं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तळहात पालथा-उताणा करताना रेडियस अल्नाभोवती फिरतं, त्यामुळे थोडं तिरकं जुळलं तरी हात अडतो.

आता हाड जुळलंय, पण टेबलावर हात टेकला की करंगळीच्या बाजूला प्लेटची कड टोचते. आणि त्याचं काम दिवसभर कॉम्प्युटरवर. शिवाय तळवा पुरता उताणा होत नाही. आरतीनंतर तीर्थाला डावा हात पुढे करतो, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक डॉक्टर म्हणतात दोन्ही काढून टाका, दुसरे म्हणतात हातही लावू नका. कोणाचं ऐकावं? प्लेटा काढल्यावर तळवा वळेल का? कोणी काढून घेतल्या असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. टोचणं आणि न वळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची गल्लत करू नका. अल्ना कातडीला लागून असते, म्हणून टोचते ती बहुधा तिचीच प्लेट. ती काढली की टोचणं सहसा थांबतं. रेडियसची प्लेट मात्र स्नायूंच्या खाली असते, कोपराकडच्या भागात तर नसही जवळून जाते. त्रास नसेल तर ती बरेच सर्जन तशीच ठेवतात. तेव्हा फक्त अल्नाची काढता येईल का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा.

वळण्याचं म्हणाल तर प्लेट काढून ते सुधारेलच असं नाही. रेडियसचा मूळचा बाक परत आला नसेल किंवा दोन हाडांमध्ये हाडाचाच पूल तयार झाला असेल, तरी तळवा अडतो. दोन्ही हातांचे एक्सरे शेजारी ठेवून बघायला सांगा.

आणि काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड कमजोर असतं, तिथेच पुन्हा मोडू शकतं. म्हणून दीड-दोन वर्षांच्या आत सहसा काढत नाहीत. काढल्यावरही काही महिने ओझी उचलणं बंद. (पतंग तर नकोच!)

प्रतिसाद २
माझी मनगटाजवळची काढलीय. टायटॅनियमची होती. एका स्क्रूचं डोकं झिजलं आणि तासाभराचं काम लांबलं. जुन्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर असतात, ते आधी सर्जनना दाखवा म्हणजे नेमका स्क्रूड्रायव्हर मागवून ठेवतात. मेडिक्लेमवाल्यांनाही आधीच विचारून घ्या.

धागाकर्ती
दोघांचे आभार. फाइल आईच्या कपाटात आहे, स्टिकर बघते. आधी फक्त अल्नाचं विचारतो आणि एक्सरेही नव्याने काढून घेतो.